नाना, त्या पेन्सिलीबद्दल

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

नवं वर्ष लागलं. द्राक्षबागेत मण्यात पाणी उतरायला सुरुवात झाली आहे. आमच्या निफाडच्या शिवारात वर्षाची अपेक्षा १ जानेवारीला कुणी ठरवत नाही. ती ऑक्टोबरच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या आधी, काडी (वेलीची फांदी) तपासताना ठरते, आणि बहुतेक वेळा तिथेच चुकते. यंदा चुकली नाही. ते तुमच्यामुळे, आणि चारचौघांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

आजवर बांधावर आलेल्या प्रत्येकाने एकच आकडा दिला: एकरी दीडशे क्विंटल. गाडीतून उतरायचं, रस्त्याकडेच्या ओळीतलं पहिलं झाड बघायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. कडेच्या झाडाला ऊन जास्त मिळतं, म्हणून त्याला घडही जास्त लागतात. त्या एका झाडावरून एकराचा अंदाज काढणं म्हणजे पहिल्या पंगतीवरून सगळ्या लग्नाचं जेवण मोजणं. आकड्यामागे औषधांची यादी यायचीच. फेब्रुवारीत माल भरला नाही की तेच लोक म्हणायचे, तुमचं पाणी चुकलं, तुमची फवारणी उशिरा झाली. आधी आशा लावायची आणि नंतर दोषही शेतकऱ्याच्याच माथी मारायचा, हे आम्ही फार सोसलं.

तुम्ही आधी आकडा सांगितलाच नाहीत. काड्या मागितल्यात. जाड, मध्यम आणि बारीक अशा तिन्ही, त्याही बागेच्या मधून, तिरपं चालत जाऊन काढलेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतर, साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसात काडीवरच्या डोळ्यात (अंकुरात) सूक्ष्मघड, म्हणजे पुढच्या घडाचा गर्भ, तयार होतो. त्या दिवसांत आभाळ दाटून राहिलं, पाऊस लागला किंवा नत्र जास्त होऊन पानांच्या दाटीची सावली पडली, तर डोळा पोसलेला दिसतो पण आत घड नसतो. हे नुसत्या नजरेने कळत नाही, डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळलं की त्याच्या पुढे एखादा डोळा राखून छाटणी करता येते. नाहीतर कात्री घडाच्या अलीकडेच चालते आणि वर्षाचं पीक छाटणीच्या दिवशीच जमिनीवर पडतं.

पुढचा हिशेब तुम्ही आमच्याच तोंडून वदवून घेतलात. नऊ बाय पाचची लागवड, म्हणजे झाडाला ४५ चौरस फूट. चांगल्या मालासाठी दीड चौरस फुटाला एक घड धरला तर झाडावर ३० घड बसतात. एकरी ९६८ झाडं कागदावर. मेलेली, वाळलेली, अजून लहान असलेली वजा केली तर ९३० हाताशी राहतात. घडाला १०० मणी, मण्याला साडेतीन ग्रॅम, म्हणजे ३५० ग्रॅमचा घड. गुणाकार केला की ९७ क्विंटल. मग दीडशे कुठून आले होते? झाडावर ४५ घड ठेवून, एकही झाड मेलेलं न धरता.

आणि ४५ घड ठेवले की काय होतं तेही तुम्ही बागेतच दाखवलंत. एका घडाला पोसायला काडीवर पंधरा-सोळा चांगली पानं लागतात. घड वाढले म्हणून पानं वाढत नाहीत. मणी फुगत नाही, जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात घड कितीही बुडवले तरी. गोडी १६ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास अडते, तोडा लांबतो, घडाच्या शेंड्याचे मणी पाणचट राहतात. खरा मार बसतो तो पुढच्या वर्षी: खोडात आणि ओलांड्यात (मांडवावरच्या आडव्या फांद्यांत) साठवलेलं अन्न झाडाने घडांवर खर्चून टाकलेलं असतं, मग खरड छाटणीनंतर फूट कमजोर निघते आणि डोळ्यात घडच तयार होत नाही. यंदाची अपेक्षा फार ताणली तर पुढच्या वर्षाचीही त्यातच संपते. हे इतक्या सोप्या शब्दांत आम्हाला याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण आभार मानायचे आहेत ते याहून लहान गोष्टीसाठी.

तपासणीचा कागद देऊन तुम्हाला निघून जाता आलं असतं. तुम्ही मांडवाखाली मातीत बसलात, वहीच्या पानावर दोन रकाने आखलेत. डावीकडे लिहिलंत ‘एवढं तरी’, उजवीकडे ‘जमलं तर’. डावीकडे २८ घड, ३०० ग्रॅम, ७८ क्विंटल. उजवीकडे ३० घड, ३५० ग्रॅम, ९७ क्विंटल. सगळं पेन्सिलीने. आणि जाताना ती पेन्सिल काड्या बांधायच्या सुतळीने वहीला बांधून गेलात, आकडा बदलावा लागेल तेव्हा खोडायला संकोच वाटू नये म्हणून.

नाना, त्या सुतळीच्या गाठीने आमच्या घरांचं केवढं ओझं उतरवलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आकडा पेनाने लिहिला की तो शब्द होतो. तो खाली आला की माणूस घरात मान वर करत नाही, दुकानदाराला टाळतो, सोयऱ्यांना टाळतो. पेन्सिलीचा आकडा खाली आला तर तो फक्त आकडाच असतो.

तो बदललाही. घड बाहेर दिसल्यावर, छाटणीनंतर विसाव्या दिवशी, वीस झाडं मोजली. काही काड्यांवर घड जिरून बाळ्या, म्हणजे नुसते ताणे, झाल्या होत्या, म्हणून उजवा रकाना ९२ वर आला. फुलोऱ्यात ढगाळ हवा होती, मणीगळ झाली, तेव्हा ८८. डावा ७८ तसाच राहिला, कारण त्यात तुम्ही नुकसान आधीच धरलं होतं. जादा घड मात्र फुलोऱ्याआधीच काढून टाकले. मणी मोठा झाल्यावर घड काढला तर झाडाने त्यावर घातलेलं अन्न परत येत नाही.

पैशाचंही तसंच लावून दिलंत. ३१ मार्चचं पीककर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, छाटणीची आणि विरळणीची मजुरी डाव्या रकान्यातून. लग्न, ट्रॅक्टर, नवी पाइपलाइन उजव्यातून, आणि तीही माल व्यापाऱ्याच्या काट्यावर गेल्यावर. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट ज्यांनी या तालुक्यात पाहिली, त्यांना डावा रकाना भित्रेपणाचा वाटणार नाही. त्या दिवशी उभ्या बागा तासाभरात झोडपून निघाल्या होत्या, आणि ज्यांनी वर्षभराचे वायदे दीडशेवर केले होते त्यांची देणी उभीच राहिली.

कमी सांगणाऱ्याला आपल्याकडे कुणी मानत नाही. जास्त सांगणाऱ्याला चहा मिळतो. तुम्हाला हे ठाऊक असूनही तुम्ही खरं तेच सांगितलंत, आणि सांगून झाल्यावर आम्हाला ते पचेपर्यंत मातीत बसून राहिलात. असा सरळपणा कुठल्या दुकानात मिळत नाही. असा एक माणूस गावाच्या वाट्याला आला, हे आमचं भाग्य.

पहाटे आता पारा उतरतो आहे. ओळींच्या तोंडाशी शेकोट्या पेटवतो, ठिबक पहाटे चालू ठेवतो. पिंक बेरी, म्हणजे थंडीने गुलाबी पडलेला मणी, अजून दिसलेली नाही. १० ऑक्टोबरच्या छाटणीची बाग फेब्रुवारीच्या मध्याला तोडणीला येईल. उजव्या रकान्यात आज ८६ आहे. तोडणीआधी एकदा या, मधल्या ओळीतली वीस झाडं तुमच्यासमोर मोजायची आहेत.

तुमचेच,
कादवा नदीकाठचे बागायतदार