पेडल मऊ लागतंय म्हणालास म्हणून

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपलं वाजलं, ते जाऊ दे. पण त्याआधी तू सहज बोलून गेलास ते माझ्या डोक्यातून जात नाही. ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला मऊ लागतं, दुसऱ्याला वर येतं, म्हणालास. आणि शनिवारी तुम्ही तिघं त्याच गाडीनं घाट उतरणार. घाटाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे, तेव्हा गाडीचंच लिहिते.

"वरून थोडं ब्रेक ऑइल टाकतो" म्हणालास, त्यानं काही होणार नाही. वरून टाकलेलं ऑइलच्या टाकीतच राहतं. चाकांजवळच्या सिलिंडरमधलं जुनं ऑइल जागचं हलत नाही, आणि तापतं तेच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं, झाकणातून, रबरी होजमधूनसुद्धा. गाडी चालली नाही म्हणून ते थांबत नाही. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार. नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५वर येऊ शकते. डॉट ३चं २०५वरून १४०वर. म्हणून बाबा दर २ वर्षांनी सगळं बदलायचे, गाडी वापरलेली असो वा नसो. शेवटचं त्यांनीच बदललं होतं. त्यानंतर चाकांजवळच्या, ऑइल आणि हवा काढायच्या निपलला कुणी पाना लावलेला नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

लांब उतारावर पाय ब्रेकवर राहिला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, ती आंच सिलिंडरमध्ये उतरते, मुरलेल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं तर दबत नाही, वाफ दबते. मग पेडल सरळ फळीला टेकतं. गाडी थोडा वेळ उभी करून गार झाली की पेडल पुन्हा वर येतं आणि माणसाला वाटतं, काही नव्हतंच. आपल्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच लाइन आहे. नव्या गाड्यांत एक गेली तरी दुसरी असते, तसं इथे नाही. मग हातात राहतो फक्त हँडब्रेक. बघ, घाटाचं नको म्हणता म्हणता तिथेच आले.

आधी कारण शोध. पेडल दोनतीनदा मारल्यावर उंच आणि टणक होत असेल, तर बहुधा ड्रमला आतून घासणाऱ्या शूंचा गॅप वाढलाय. हवा काढण्याआधी शू ॲडजस्ट कर. वर येऊनही स्प्रिंगसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. आणि पाय एकसारखा दाबून धरलास तरी पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडल ज्याला दाबतं त्या मुख्य सिलिंडरमधलं, रबर गेलंय. ते ऑइल बदलून भागणार नाही. प्रत्येक चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का बघ. टाकीतलं ऑइल कमी झालंय ना? मग ते कुठेतरी गेलंय. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नकोस, शूंवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

हे काम एकट्यानं करू नकोस. पेडलवर माणूस हवा, सांगितलेलं ऐकणारा. बाबा चाकाशी आडवे व्हायचे आणि मी सीटवर. "दाब." "धर." मग ते निपल अर्धा फेरा सैल करायचे, माझा पाय खाली जायचा आणि तिथेच ठेवायचा. निपल बंद झाल्याचं ते ओरडून सांगेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर हवा उलट आत ओढली जाते. सुमीच्या वेळी सातव्या महिन्यात त्यांनी मला नको म्हटलं, शेजारच्यांना बोलावलं, आणि ते गृहस्थ दर वेळी आधीच पाय उचलायचे. शेवटी मीच जाऊन बसले. हवा संपत आली की तळव्याला कळतं, पेडल वरच अडतं. तू थोडा मोठा झालास तेव्हा बाटली धरायला तुला बसवायचे. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं, आणि तू "बुडबुडा! बाबा, अजून एक!" म्हणून ओरडायचास. त्यांच्या नजरेतून सुटलेला बारीक बुडबुडाही तुला दिसायचा. त्या दिवशी ते जेवताना तेवढंच बोलत होते.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू कर आणि जवळ जवळ ये. काळपट ऑइल जाऊन नव्या रंगाचं स्वच्छ येईपर्यंत चालू ठेव. मधे मधे टाकी बघत जा. ती रिकामी झाली की हवा आत शिरते आणि पहिल्यापासून सगळं आलं. जुन्या गाडीत पेडल फळीपर्यंत मारायचं नाही. एरवी जिथे रबर कधी पोचत नाही तिथे सिलिंडरला गंज धरलेला असतो, त्यावर घासून चांगलं रबर फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. निपल जाम असेल तर गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री लावून ठेव आणि बरोबर मापाचा रिंग पाना घे. जोर लावून मोडलास तर सिलिंडरच बदलावा लागेल. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नकोस. स्टँड लाव, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लाव. निखिल, हे तरी ऐक.

ते जांभळं सिलिकॉनचं डॉट ५ घालू का विचारत होतास. नको. ते पाणी शोषत नाही आणि रंग खात नाही हे खरं, पण आपल्या गाडीतल्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. घालायचंच तर सगळी सिस्टिम उघडून, धुऊन, नवी रबरं बसवून घालायचं असतं. डॉट ४ आण, सीलबंद डबा. कपाटातला अर्धा उघडा डबा वापरू नकोस, बाटलीत काढलेलं जुनंही परत ओतू नकोस. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाता कामा नये, रबरं फुगून निकामी होतात.

वाचताना तुला वाटेल, आई परत शिकवायला लागली. माफ कर. कार्ब्युरेटर तू एकट्यानं उघडून बसवलास, वायरिंग नवं केलंस, तेव्हा बाबांनी येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून गाडीपाशी नेलं होतं. मीही नेते, तुला माहीत नसेल. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. पण त्या गाडीत मागच्या सीटवर चिमी असणार, आणि मला रात्री जाग येते ती त्या उतारावरच येते.

काम झालं की सपाट, मोकळ्या रस्त्यावर आधी हळू चालवून ब्रेक मारून बघ. घाटात खालच्या गिअरमध्येच राहा, इंजिनाला गाडी धरू दे, ब्रेक दाबून सोडत जा, पाय ठेवून देऊ नकोस. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर बसनं जा. गाडी कुठे जात नाही. रागावलेला असलास तरी शुक्रवारी फोन कर आणि पेडल कुठे अडतंय तेवढं सांग. मला त्यावरून कळतं.

तुझी,
आई

ता. क. टाकीच्या झाकणातलं बारीक भोक तारेनं साफ कर, ते बुजलं असेल तर ऑइल खाली उतरायला अडतं. ऑइल रंगावर सांडलं तर नुसतं पुसू नकोस, लगेच भरपूर पाणी ओत. काढलेलं ऑइल पाण्याच्या बाटलीत ठेवू नकोस. विषारी असतं, आणि चिमी दिसेल ते तोंडाला लावते.