पडदा, नकाशा आणि दादाच्या मंडळाचे प्रश्न

बर्लिन, २ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे अगदी मजेत आहे. जेवणाची आबाळ होत नाही, ज्वारीचं पीठ मिळतं, तब्येत उत्तम आहे. बाबा, रात्रीच्या प्रवासाची काळजी खरंच सोडा. कार्यक्रम आटोपून निघताना सामानामुळे आम्ही तिघंचौघं बरोबरच असतो, आणि शुक्रवार-शनिवारी इथली भुयारी रेल्वे रात्रभर चालते.

"भिंतीवर सिनेमा दाखवायचा आणि लोकांकडून नकाशे रंगवून घ्यायचे, ही कसली नोकरी?" असं काकांनी विचारलं म्हणे. त्यांना सांगा, ही हौस नाही. बर्लिनच्या अडचणीतल्या वस्त्यांमध्ये १९९९ पासून सरकारी पैशातून वस्ती-कार्यालयं चालतात. कोणत्या कामाला निधी द्यायचा हे ठरवताना रहिवाशांच्या समितीलाही विचारतात. आमच्या संस्थेला अशीच कामं मिळतात. आणि हे काम किती मोलाचं आहे ते टेम्पलहोफला दिसतं. तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांसाठी खुला झाला. सुमारे ३०० हेक्टर जागा, म्हणजे पंचवीसहून अधिक शिवाजी पार्कं मावतील एवढी, ऐन शहरात. तिथे बांधकाम करायची योजना होती. २५ मे २०१४ च्या सार्वमतात लोकांनी ती नाकारली. आज जुन्या धावपट्टीवर पोरं सायकली चालवतात. घरांची टंचाई खरी आहे, त्यामुळे कडेला तरी बांधू द्या, हा वाद अजून मिटलेला नाही. पण निदान वाद घालायला लोक आहेत! आपल्या गल्लीतली मोकळी जागा कोणाची, हे माणसांनी एकत्र बसून बोलावं एवढ्यासाठीच आमचा सगळा खटाटोप.

आई, तू विचारलंस की उन्हाळ्यात सिनेमा का नाही दाखवत. त्यासाठी इथली एक रीत नीट सांगावी लागेल. रात्री दहा ते सकाळी सहा इथे शांतता पाळायची असते, तसा कायदाच आहे. रविवारी आणि सुटीला तर दिवसभर. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यावर पेट्या असतात, त्यांच्यावरही वेळ लिहिलेली असते, कारण बाटली पडल्याचा आवाज शेजाऱ्याला जातो. घरी वाढदिवस असला तर आठवडाभर आधी जिन्यात चिठ्ठी लावतात: अमुक दिवशी थोडा आवाज होईल, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, नाहीतर सरळ वर या. लोक खरोखर वर येतात आणि एखादा पेला घेऊन बसतातही. पण चिठ्ठी नसेल तर तोच माणूस पोलिसांना फोन करतो. मला आधी हे फार कोरडं वाटायचं, आता त्यातला शेजारधर्म कळतो. तर अडचण अशी, की जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो आणि पडद्यावर चित्र दिसण्याइतका अंधार व्हायला सव्वादहा होतात, म्हणजे शांततेची वेळ सुरू झाल्यावर. म्हणून आम्ही ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे दिवस धरतो. तेव्हा सूर्य आठच्या सुमारास मावळतो, आणि पुढे आणखी लवकर. लोकांशी बोलणं सिनेमाआधीच उरकतो, आणि सिनेमा पाऊण तासापेक्षा मोठा घेत नाही.

आता दादासाठी. दादा, मंडळातर्फे यंदा सिनेमा आणि पेठेचा नकाशा करायचं ठरवलंत, वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडे हे जास्त सोपं आहे. गणपतीत साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळतो, सव्वासातला अंधार. लाउडस्पीकरला आपल्याकडेही दहाचीच मर्यादा आहे. बाराची सवलत मोजके दिवस असते, तिच्या भरवशावर राहू नका. पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या, आणि सिनेमा ज्याचा असेल त्याचीही.

पडदा चार मीटर रुंद पुरे, उंची सव्वादोन. खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर तरी वर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे अक्षरं जातात. मांजरपाट घेतलात तर दुहेरी शिवा, कारण एकेरी कापडातून उजेड पलीकडे जातो. पूर्वी गणपतीत लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे, तसं बसवायचं असेल तर मात्र एकेरीच ठेवा. चारही कडांना दर ३० सेंटीमीटरवर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) मारा आणि सुतळीऐवजी रबरी दोरीने ताणा. सुतळी वाऱ्यात कापड फाडते, रबर तेवढं देतं. वाऱ्याला हलकं समजू नका. ताशी ३५ किलोमीटरचा वारा एवढ्या कापडाला साठ-पासष्ट किलोंनी ओढतो. मांडववाल्याला बांबू दोन फूट गाडायला सांगा, पुढून-मागून ताण द्या, आणि वारा चढला तर पडदा उतरवणारा माणूस आधीच नेमून ठेवा.

प्रोजेक्टर ५००० लुमेनचा बघा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). चार मीटर चित्रासाठी तो साधारण सहा मीटरवर येतो, पण हे लेन्सवर ठरतं, म्हणून भाड्याने घेतानाच विचारा. टेबल उंच घ्या म्हणजे चित्र तिरकं पडणार नाही. बटणाने सरळ केलेलं चित्र फिकट होतं. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर संपल्यावर पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका, दिवा जातो. सिनेमा इंटरनेटवरून लावू नका. फाइल डिस्कवर घ्या आणि आदल्या रात्री त्याच यंत्रावर शेवटपर्यंत चालवून बघा. केबलचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल भार पडला की तापते आणि आवरण वितळतं. जोड जमिनीवर ठेवू नका, पाऊस येणारच आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज लगेच तोडणारा स्विच, नसेल तर कार्यक्रमच करू नका.

मिरवणुकीचे स्पीकर या कामाला नकोत. वाड्यांच्या भिंतींवरून बेस परततो आणि बोलणं कळेनासं होतं. लहान दोन पुढे, दोन मध्यावर, बेस उतरवलेला. मागे बसलेल्या आजीला संवाद कळला पाहिजे, ही खूण.

नकाशाचं काम दुपारी घ्या, कारण तोच खरा कार्यक्रम. सिनेमाला लोक येतात, नकाशापाशी थांबतात. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावरून पेठ १:५०० प्रमाणात ए-झीरो (साधारण ८४ बाय ११९ सेंटीमीटर) कागदावर छापून आणा, म्हणजे एका सेंटीमीटरला पाच मीटर पडतील आणि चारशे बाय साडेपाचशे मीटरचा भाग सहज मावेल. रेषा फिकट करड्या ठेवा, लोकांनी काढलेलं वर उठून दिसलं पाहिजे. आधी एकदा हातात कागद घेऊन पेठ फिरा, बोळ बरेचदा नकाशावर नसतात.

एका टेबलाशी पाच-सहा माणसं. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं घर शोधायचं. याला वेळ लागतो, घाई करू नका. घर सापडलं की माणूस नकाशाचा होतो. मग टिकल्या: हिरवी जिथे बसतो तिथे, लाल जिथे जायचं टाळतो तिथे. मुलं, बायका, म्हातारी माणसं यांना वेगवेगळे ट्रेसिंग पेपर द्या. ते एकावर एक ठेवले की मुलांची खेळायची जागा आणि बायकांची टाळायची जागा एकच आहे, असं काहीतरी डोळ्यांना दिसतं. पेन प्रत्येकाला हवं. एकच ठेवलंत तर ते मोठ्याने बोलणाऱ्याकडे जातं आणि नकाशा त्या एकट्याचा होतो. टिकलीशेजारी कारण लिहून घ्याच. नुसती लाल टिकली दिवा नाही म्हणून आहे, कुत्र्यांमुळे आहे की कोणा माणसामुळे, हे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. नकाशा वाचता येत नाही त्यांना कोरा कागद द्या, घरापासून मंगळवार तळ्यापर्यंतची वाट आठवून काढायला सांगा.

एक मात्र मनापासून सांगते. "इथे काय हवं?" असं विचारू नका. देणं आपल्या हातात नसतं, आणि लोक पुढच्या वर्षी येत नाहीत. "इथे तुम्ही काय करता, कधी करता, कोणाबरोबर?" एवढंच विचारा. गुंडाळण्याआधी वरून सरळ फोटो घ्या, रात्री तो नकाशा पडद्याशेजारी दिव्याखाली लावा, आणि नंतर नगरसेवकांना प्रत द्या.

आता उरलेलं. बाबा, गच्चीच्या गळतीसाठी चाळीस हजार पाठवलेत, दोन दिवसांत जमा होतील. कमी आहेत हे मला कळतं, उरलेले दिवाळीआधी पाठवते. माझा करार मार्चपर्यंत आहे, पुढचा निधी डिसेंबरात ठरेल. इथे असं वर्षावर्षानेच चालतं, त्यामुळे घाबरू नका.

आजीच्या मोतीबिंदूला मी नसेन. गणपतीलाही नाही, सगळे कार्यक्रम नेमके त्याच आठवड्यांत आहेत. वहिनीवर सगळं पडतं, याची जाणीव मला आहे. तिला वेगळं लिहिते. आजीच्या डोळ्यांचे थेंब मी दादाच्या फोनवर वेळा लावून आठवण करून देईन, तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

आणि आई, कऱ्हाडच्या स्थळाला अजून महिनाभर थांबायला सांगू नकोस, नाहीच म्हणून कळव. मुलगा चांगला आहे, मी बोलले त्याच्याशी. पण त्याला पुण्यातच राहायचंय आणि मला मार्चनंतर कुठे असेन ते सांगता येत नाही. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. तू रागावशील, पण फोनवर हे बोलायला धीर होत नव्हता.

आजीला साष्टांग नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमची,
मनू

ता. क. दादा, पैसे जमा झाले की गच्चीवाल्याला अर्धेच दे. बाकीचे पहिला मोठा पाऊस झाल्यावर.