‘नोबी’ ही आत्मकथा नव्हे

जपानी युद्धसाहित्यावरील रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र शोहेई ओओका यांची ‘नोबी’ ही कादंबरी म्हणजे त्यांची आत्मकथाच, हे त्यातील विधान पटले नाही. फ्रेंच कादंबरीकार स्तांदालचे भाषांतरकार असलेले ओओका 1944मध्ये, पस्तिशीत सक्तीने सैन्यात भरती झाले आणि जानेवारी 1945मध्ये फिलिपिन्सच्या मिंदोरो बेटावर पकडले गेले. ‘नोबी’ घडते फिलिपिन्समधल्याच लेयते बेटावर. तिथे ओओका लढले नाहीत, युद्धकैदी म्हणून राहिले.

स्वानुभव त्यांनी आधीच ‘फुर्योकी’ या युद्धकैदेच्या आठवणींत लिहिला होता. मलेरियाने खंगलेल्या अवस्थेत, पाणी नाही, आणि समोरून येणारा कोवळ्या वयाचा अमेरिकी सैनिक बंदुकीच्या टप्प्यात. त्यांनी गोळी झाडली नाही. का झाडली नाही, याची ते पुढे पानोपानी, जवळपास वकिली काटेकोरपणाने उलटतपासणी घेतात. दयेचे श्रेय घ्यायलाही तयार होत नाहीत. उलट ‘नोबी’चा नायक तामुरा एका निःशस्त्र फिलिपिनो स्त्रीला गोळी घालतो. जे हातून घडले नाही पण घडू शकले असते, ते ओओकांनी कादंबरीत मांडले. तिला आत्मकथा ठरवले की नेमका हाच धागा हातातून सुटतो.

– एक वाचक, पुणे