गोचीड तापानंतर लघवीही तपासून घ्या

नमस्कार मंडळी, पावसाळ्यात गोचिड्या फार झाल्या आहेत. प्लेटलेट वाढल्या म्हणजे कुत्र्याचा गोचीड ताप संपला, असं धरू नका. हा ताप आणणाऱ्या एर्लिकिया जिवाणूचा संसर्ग रेंगाळला की किडनीची गाळणी खराब होऊ शकते, लघवीतून प्रथिनं जातात. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत किडनीचं सुमारे ७५ टक्के काम गेलेलं असतं! म्हणून बरं वाटल्यावरही लघवीतल्या प्रथिनांची तपासणी कराच. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स, साधारण २८ दिवसांचा, मध्येच सोडू नका. कुत्रा दुसऱ्या आठवड्यात उड्या मारू लागतो, तिथेच आपण फसतो.

गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. घरात कुणाला ताप, पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. गोचिडीतून येणाऱ्या रिकेट्सिया जिवाणूंच्या तापात माणसाचीही किडनी बिघडू शकते.