पालखीचा मोबाइल नंबर

11 मे 2025

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आजीचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. हे फोनवर सांगितलं असतं, पण रेंज येते ती वाडीच्या मागच्या गडग्यापाशी, आणि तिथे हल्ली त्या बंगल्यांच्या स्कीमचा माणूस मोजणीची फीत घेऊन उभा असतो. त्याचीच गाऱ्हाणी त्याच्यासमोर उभं राहून कशी सांगू? म्हणून लिहायला बसले. सोबत सातबाऱ्याची नक्कल आणि त्यांच्या नकाशाची झेरॉक्स आहे. नकाशा तुझ्यासाठी. मला त्यातलं हिरवं-पिवळं एवढंच कळतं.

डोंबिवलीच्या दादाचा तुला फोन आला असेल. नसेल आला तर येईल. मागचं भाताचं खाचर विकायचं त्याच्या डोक्यात आहे. सातबारा सामाईक, त्यामुळे सगळ्यांच्या सह्या लागतात. बाबांच्या मागे वारस म्हणून तुझं-माझं दोघींचं नाव लागलंय, तुला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात एजंट आला होता. चहा घेता घेता म्हणाला, "काकू, मुलींची काय, हक्कसोडीवर एक सही घेऊन टाकू." जसं काही गॅसच्या पुस्तकावर सही घ्यायची आहे! मी त्याला म्हटलं, ती सिव्हिल इंजिनिअर आहे, आधी तुझा नकाशा तपासेल, मग बघू. तो हसला. मी हसले नाही.

तर सांगायचं ते हे, की मी हो म्हणेपर्यंत कशावरही सही करू नकोस. दादा रागावेल, रागावू दे. त्याला मी वेगळं सांगेन.

आता स्कीमचं. पलीकडची सगळी खाचरं गेली. निसर्ग वादळ झालं, 3 जून 2020, पुढच्या महिन्यात पाच वर्षं होतील. त्यानंतर आडव्या पडलेल्या वाड्या बघून माणसांचा धीर सुटला, आणि त्याच पावसाळ्यात गाड्या यायला लागल्या. तेव्हा वाटायचं मदतवाले आहेत. काही होते, काही जमीन बघायला आलेले. ज्यांनी विकली त्यांना मी नावं ठेवत नाही. सुपारी लावली की उत्पन्नाला पाच-सहा वर्षं थांबायचं, तोवर खायचं काय? आपण थांबलो ते तुझ्या पैशांवर. आपल्या रोपांना यंदा पहिल्यांदा पोय, म्हणजे फुलोरा, फुटलीय. आजीने बघितलं आणि नुसती झाडाला हात लावून उभी राहिली.

स्कीम 42 बंगल्यांची. रेवस-रेडी रस्ता होणार, दिघीला औद्योगिक वसाहत होणार, मुंबई दोन तासांवर येणार, असं सगळं त्यांच्या पत्रकात आहे. आपल्याला बोर्लीला जायला अजून एसटीची वाट बघावी लागते ते त्यात नाही. प्रत्येक बंगल्याला छोटा पोहण्याचा हौद. मी विचारलं केवढा, तर वीस बाय दहा, चार फूट खोल. रात्री हिशोब केला: 800 घनफूट, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या वर. नळयोजनेचा हिशोब माणशी दिवसाला 55 लिटर. चार माणसांचं घर त्या एका हौदावर शंभर दिवस चालेल. आणि असे 42. साडेनऊ लाख लिटर. मनू, मी तीनदा गुणाकार केला.

विहिरीचं सांगते. आतले चिऱ्यांचे थर मी दर अक्षय्य तृतीयेला मोजते, बाबांची सवय. गेल्या वर्षी पाण्याच्या वर अकरा थर उघडे होते. यंदा तेरा. त्यात गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया 10 मेला होती आणि यंदा 30 एप्रिललाच. दहा दिवस आधी असून दोन थर जास्त, आणि पाऊस तर चांगला झाला होता. अजून स्कीमच्या जागेवर एक सॅम्पल बंगला, रस्ता, हिरवळ आणि दोन बोअरवेल एवढंच आहे. हिरवळीवर सकाळ-संध्याकाळ फवारे चालू असतात. उन्हाळ्यात एवढी हिरवीगार जमीन बघून गावातली गुरं तिकडेच धावतात, ती वेगळीच भानगड.

पाणी मचूळ व्हायला लागलंय. आजी म्हणते तिला कळत नाही, पण तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजायची ती आता पाच घेते, आणि साबणाला फेस येत नाही. सुपारीच्या पानांची टोकं करपलीत, ती उन्हाने की पाण्याने ते मला ठरवता येत नाही. कॉलेजात असताना तूच मला समजावलं होतंस, ताटात पाणी आणि तेल घेऊन: किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि वरचं एक फूट उतरलं तर खालचं चाळीस फूट वर चढू शकतं. तेव्हा मी म्हटलं होतं तेल वाया घालवू नको. आता रोज आठवतं.

खाचरांचं दुसरं दुखणं पावसातलं. डोंगराचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, त्या खाचरांत पसरायचा, दोन दिवस थांबायचा, मग खाजणातून, खाऱ्या दलदलीतून, खाडीला जायचा. आता तिथे चार फूट लाल मातीचा भराव आहे. पाणी जाणार कुठे? गेल्या जुलैत आपल्या पडवीच्या पायरीपर्यंत आलं होतं, तुला सांगितलं नव्हतं. खाजणाच्या कडेला तिवरं (खारफुटी) आहेत, आणि तिवरांपासून 50 मीटरच्या आत बांधकाम चालत नाही असं हायकोर्टानेच सांगितलंय. नकाशात ती जागा पांढरी ठेवलीय, पांढऱ्याला काय म्हणतात ते तू बघ.

आणि गेट. पुळणीकडे, समुद्राच्या वाळूकडे, जाणारी पाखाडीची वाट होती ना, कोळणी टोपल्या घेऊन यायच्या ती? फेब्रुवारीत तिथे लोखंडी गेट बसलं. 'खाजगी मालमत्ता'. शिमग्याला पालखी नेहमीच्या वाटेने निघाली, ढोल पुढे, पोरं नाचतायत, आणि गेटपाशी सगळं थांबलं. पहारेकरी कोण, तर आपल्या शेजारच्या काकांचा धाकटा. लहानपणी पालखीखालून लोळायचा तो. बारा हजार पगार आहे, निळा शर्ट. त्याने कुलूप काढलं, पण साहेबांचा नियम म्हणून रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडी नंबर, मोबाइल नंबर, कोणाकडे. कोणीतरी लिहिलं: नाव देवी, गाडी खांद्यावर. सगळे हसले. तो मान खाली घालून उभा. मोबाइल नंबराच्या रकान्यात पुजाऱ्यांनी शेवटी स्वतःचा नंबर दिला, कारण रकाना रिकामा ठेवला तर त्या पोराला ओरडा बसणार होता. 'कोणाकडे' याच्यापुढे काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

वहिवाटीच्या वाटेसाठी मामलेदार कोर्टाच्या कायद्याने तहसीलदाराकडे दावा करता येतो, 1906 सालचा कायदा आहे. पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत. म्हणजे ऑगस्ट. गावात अर्धे म्हणतात करू, अर्धे म्हणतात पोराची नोकरी जाईल. तलाठीभाऊंना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण ओ देतात ते तलाठी म्हटल्यावरच) विचारलं, ते म्हणाले जुन्या गावनकाशात वाट ठिपक्यांनी दाखवलीय का ते आधी बघा. ते बघायलाही तूच हवीस.

ग्रामसभा 1 मेला होती. कोरमला मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, कमी असेल ते. लग्नसराई, आंबे, पाहुणे, जमली चाळीसेक. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे स्कीमवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. पुढच्या सभेला ते प्रोजेक्टर घेऊन आले, वडा-चहा त्यांचाच. मी सांडपाण्याचं विचारलं. हिरव्या कोपऱ्यावर लाल ठिपका फिरवून म्हणाले, इथे शुद्धीकरण. मागून एक म्हातारे बोलले, "तिथे तर पावसात तळी होते, आम्ही म्हशी धुतो." पुढे ग्रामपंचायतीच्या विहिरीचा विषय निघाला. पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर, बोअर घेता येत नाही. मोजलं का, विचारलं. मोजू म्हणाले. ना हरकतीचा विषय पुढे ढकलला, एवढीच कमाई.

तुला वाटेल मग सगळे मिळून अर्ज का करत नाही. त्यात एक मेख आहे. भरतीरेषेचा कायदा 2011 सालचा, गावांना भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकाम बंद. 2019 ला दाट गावांसाठी ते 50 वर आलं. दाट म्हणजे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं, 2011 च्या जनगणनेप्रमाणे. आपल्याकडे एवढी गणपतीतसुद्धा नसतात. म्हणजे आपल्याला 200च लागू. पण फीत घेऊन कोणी आलं तर ती आधी कोळीवाड्यातून जाईल. तिथल्या निम्म्या घरांच्या मागच्या पडव्यांना कागद नाही. आपल्या पाहुण्यांच्या दोन खोल्यांपासून पुळण किती, ते मी मोजलेलं नाही आणि मोजणारही नाही. स्कीमचा वकील सभेत गोड आवाजात एवढंच म्हणाला, "कायदा सगळ्यांना सारखा." त्यानंतर कोळीवाड्यातलं कोणी बोललं नाही.

आणि मीही फार ओरडू शकत नाही. 2009 साली रस्त्याकडचा तुकडा बाबांनीच विकला, तुझ्या पहिल्या वर्षाच्या फीला. गावातला पहिला बाहेरचा बंगला त्याच तुकड्यावर आहे. हे तुला ओझं वाटावं म्हणून लिहीत नाही, सभेत कोणी तोंडावर म्हटलंच तर तुला आधी माझ्याकडून कळलेलं असावं. ते बंगलेवाले चांगले आहेत, वादळात त्यांच्या स्लॅबखाली आपण आठ जण झोपलो होतो. एका घराने गाव बुडत नाही. पण दादाचं खाचर गेलं तर पऱ्ह्याला उरलेली एकमेव वाट आपली वाडी, म्हणून मी अडून बसलेय. भाव कितीही येऊ दे.

दादाचाही इलाज नाही, त्याच्या मुलाचं शिक्षण आहे. एक डोक्यात आलंय: त्याचा हिस्सा आपण हप्त्याने घेतला तर? बाजारभावाने नाही जमणार, पण घरातल्या घरात. प्रसादशी बोल. नाही म्हणाला तरी मला राग येणार नाही, फक्त लवकर सांग.

जूनच्या आत दोन दिवस ये. भराव कोरडा असताना बघ, नंतर चिखल होतो. आमसुलं आणि फणसपोळी करून ठेवलीय, सध्या पार्सलने पाठवत नाही, तू आलीस की ने. येताना तुमच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो पाण्यातले क्षार मोजायचा पेन आण. विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवल्यात, एक गेल्या दिवाळीतली, एक कालची. झाकणावर तारखा घातल्यात आणि कपाटात वर ठेवल्यात, खाली ठेवल्या तर आजी पिऊन टाकेल.

तुझी,
आई