पिंजऱ्यातलं मडकं आधी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांतून लव्हबर्डचे पिंजरे येऊ लागतात. दोन-चार पक्षी, हातभर पिंजरा, दाण्याची एक वाटी आणि आत टांगलेलं मातीचं मडकं असा सगळा संच एकदमच विकला जातो. पुढे पावसाळ्यात एखादा पक्षी गेला की ‘इथली हवा मानवली नाही’ असं म्हणून विषय मिटतो. हवेचा दोष असतो, पण थोडा. त्याहून मोठा दोष त्या मडक्याचा, शिळ्या दाण्याचा आणि अपुऱ्या जागेचा असतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा बजी, म्हणजे बजरीगार असतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जाड चोचीचे आणि आखूड शेपटीचे. बजी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला. जॉन गूल्ड यांनी 1840 मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो पिंजऱ्यातला पक्षी झाला. वजन जेमतेम 30 ते 40 ग्रॅम. (आपला राघू पाळणं मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दोन्हींची गल्लत करू नये.) मायदेशी बजी थव्याने भटकतात. पाऊस झाला, गवताला बी धरलं की झाडाच्या ढोलीत अंडी घालतात आणि दुष्काळात विणीचं नावही काढत नाहीत.

मडक्याचा दोष इथेच कळतो. मादीला अंधारी पोकळी दिसली आणि दाणा भरपूर मिळाला की तिच्या शरीराला वाटतं, सुगी आली. ती एका दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते, अठरा दिवस उबवते, महिना-सव्वा महिन्याने पिल्लं मडक्याबाहेर पडतात, आणि ती पुरती बाहेर पडायच्या आतच पुढचं अंडं येतं. मडकं बारा महिने टांगलेलं असेल तर तिची सुगी बारा महिने चालते. प्रत्येक कवचाला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, तिच्याच हाडांतून जातो. शेवटी अंडं आत अडकतं. अशी मादी तळाला पिसं फुगवून बसते, श्वासागणिक शेपटी वरखाली होते, ती जोर लावते पण काही बाहेर येत नाही. तेल घालून किंवा पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, ते आत फुटतं आणि मादी जाते. तिला तीस अंशांच्या आसपास ऊब द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, संध्याकाळची वाट पाहू नका.

मडक्यावरून माद्यांची मारामारीही होते, आणि बजीच्या मादीची चोच खोल लागते. ज्यांना वीण घ्यायची नाही त्यांनी मडकं आजच काढावं. आत पिल्लं असतील तर ती स्वतः दाणे टिपू लागेपर्यंत थांबा, मग काढा. मडकं गेल्यावर एखादी हट्टी मादी दाण्याच्या वाटीत अंडं घालते. ते लगेच उचललं तर भरपाईला ती आणखी घालते. म्हणून अंडी तिथेच राहू द्या, दाण्याची वाटी दुसरीकडे लावा, मोड आलेलं धान्य आणि उकडलेलं अंडं बंद करा, उजेड दहा तासांवर आणा. साधारण तीन आठवड्यांत ती अंडी सोडून उठते. वीण घ्यायचीच असेल तर मादी वर्षाची झाल्यावर, वर्षातून फार तर दोनदा, आणि जोड्यांपेक्षा मडकी जास्त, सगळी एकाच उंचीवर.

नर-मादी नाकावरच्या मऊ पट्टीवरून ओळखता येतात. मोठ्या नराची पट्टी बहुतेक रंगांत निळी, मादीची पांढरट किंवा तपकिरी. नुसत्या नरांचा थवा सगळ्यात गुण्यागोविंदाने राहतो. मिश्र थव्यात नर जास्त असावेत, नुसत्या माद्या एकत्र ठेवू नयेत. एकटा बजी तर पाळूच नये. आरसा हा त्याचा सोबती नव्हे.

पिंजरा उंचीला नाही, लांबीला मोठा हवा, कारण हा पक्षी आडवा उडतो. सहा पक्ष्यांना लांबी 4 फूट, रुंदी 2 फूट आणि उंची अडीच फूट याहून लहान पिंजरा नको. गोल पिंजरा मुळीच नको. जाळीचा गाळा अर्ध्या इंचाहून मोठा असेल तर डोकं अडकतं. वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेत असाल तर नव्या जाळीवरचा जस्ताचा चुरा व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासून काढा, धुऊन चांगला वाळवा. बजी दिवसभर जाळी चोचीत धरून चढतो आणि ते जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. बसायला प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या नकोत, त्यांनी तळव्याला फोड येतात. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, बोटाएवढ्या जाडीच्या, कमी-जास्त वाकड्या फांद्या सालीसकट लावा. साल सोलण्यातच त्यांचा अर्धा दिवस सुखात जातो. सगळ्यात उंच जागेवरून भांडण होतं, म्हणून दोन्ही टोकांना एकाच उंचीवर फांद्या हव्यात, मध्ये उडायला मोकळी जागा. दाण्याच्या वाट्याही तीन, एकमेकींपासून लांब. एकच वाटी असली की एखादा दांडगा पक्षी ती अडवून बसतो आणि गरीब पक्षी वाळत जातो.

आता दाणा. रविवार पेठेत मिळणारं राळं, म्हणजे आपल्याकडचं नवणे, हे बजीचं मुख्य अन्न. चार वाट्या राळं, दोन वाट्या वरी, दोन वाट्या बाजरी, एक वाटी नाचणी असं मिश्रण चांगलं जमतं. राळं आणि वरी टरफलासकट हवीत. उपासाची टरफल काढलेली भगर पक्ष्यासाठी नाही. सूर्यफुलाच्या बिया आठवड्यातून दोन-चार पुरेत, नाहीतर चरबी यकृताला घेरते. एका पक्ष्याला दिवसाला दोन लहान चमचे, म्हणजे 8 ते 10 ग्रॅम धान्य लागतं. सहा पक्ष्यांना 50 ते 60 ग्रॅम.

इथे एक घात नेहमी होतो. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वर बोट फिरवलं तर सगळा कोंडा. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहतात. रोज सकाळी वाटी अंगणात नेऊन फुंकर मारा, उरलेला दाणा पाहा, मग नवा घाला.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक धोका असतो. पेरून उरलेलं बियाणं, गुलाबी किंवा लाल रंगाचं, कधीही पक्ष्यांना घालू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दाणा ताजा आहे का हे पाहायचं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. दोन-तीन दिवसांत ऐंशीपेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर तो माल जुना.

मृगापासून भाद्रपदापर्यंत आपल्याकडची हवा दमट, खानापूरच्या पट्ट्यात तर भिंतींनाही ओल येते. त्या दिवसांत दाण्यावर धरलेली बुरशी डोळ्यांना दिसत नाही, पण तिचं विष यकृत खातं. पोतं भरून ठेवू नका. पंधरा दिवसांपुरता दाणा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुबट वास आला किंवा दाणे एकमेकांना चिकटले की फेकून द्या, धुऊन वाळवायच्या भानगडीत पडू नका. मोड आलेलं राळं पौष्टिक असतं, पण पावसाळ्यात ते वाटीत दोन तासांवर ठेवू नये.

नुसत्या दाण्यावर अ जीवनसत्त्व, आयोडीन आणि चुना कमी पडतो. रोज थोडी कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला द्या. किसलेलं गाजर चालतं, पालक क्वचित. भाजीवर फवारणीचा अंश असतो, तेव्हा दहा मिनिटं पाण्यात बुडवून नंतर वाहत्या पाण्यात धुवा. कोथिंबिरीची ओली जुडी जाळीला टांगा. पक्षी आधी पानांत डोकं घुसवतात, मग पाठ घासतात, पंख पसरून सगळं अंग त्या पाण्यात भिजवून घेतात आणि मगच खातात. अंघोळीची त्यांची हीच रीत. चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं, हलकं कवच) धुऊन, वाळवून, मऊ बाजू आत करून बांधावा. अव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, मीठ, चहा-कॉफी यांना पिंजऱ्याजवळ जागा नाही.

पिंजरा सोप्यात, छातीच्या उंचीवर, मागे भिंत असेल असा ठेवा. स्वयंपाकघरात कधीही नको. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. मच्छर कॉइल, अगरबत्ती आणि धूपही दूर. गणपतीच्या दिवसांत पिंजरा मखराच्या खोलीतून आत न्या. फटाक्यांनी रात्री पक्षी घाबरून अंधारात जाळीवर आदळतात. त्या रात्री सुती चादर तीन बाजूंना घाला आणि मंद दिवा चालू ठेवा. एरवी दहा-बारा तास शांत झोप हवी. खोलीत मोकळं सोडताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि पाण्याची पिंपं, बादल्या झाकलेल्या.

नवा पक्षी थेट थव्यात सोडू नका. तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्यांवर ठेवा. चोचीच्या मुळाशी आणि पायांवर चुनखडीसारखे, बारीक छिद्रांचे थर दिसले तर ती गोचीडीसारख्या सूक्ष्म किड्याची खरूज. औषधाचं प्रमाण पशुवैद्यच वजनावरून ठरवतात, अंदाजाने थेंब टाकू नका. म्हणून ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घरी हवाच. पक्षी आजार लपवतो, पिसं फुगवून जाडजूडही दिसतो, पण वजन खोटं बोलत नाही. 35 ग्रॅमचा पक्षी 31 वर आला की डॉक्टर गाठा. तळाचा कागद रोज बदला आणि विष्ठा पाहा. सुकी विष्ठा झाडू नका, पाणी शिंपडून पुसा, कारण तिच्या धुळीतून सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा संसर्गजन्य आजार माणसालाही होतो. घरात कुणाला लांबलेला ताप-खोकला असेल तर घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

विक्रेत्यांना एकच कळकळीची विनंती. मडकं संचातून वगळा आणि गिऱ्हाइकाने मागितलं तरच द्या. पाळीव प्राणी दुकानांसाठी 2018 पासून केंद्राचे नियम आहेत आणि नोंदणी सक्तीची आहे, ती करून घ्या.

आणि पक्षी नकोसे झाले तर पुण्य म्हणून आकाशात सोडू नका. इथल्या रानात त्यांना अन्न शोधता येत नाही, कावळा किंवा शिक्रा पहिल्याच दिवशी उचलतो. पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्या, आणि सोबत ते आजवर खात आलेल्या दाण्याची आठ दिवसांची पिशवी द्या, म्हणजे नवा दाणा हळूहळू मिसळता येतो.

आपले,
काही पक्षीपालक, बेळगाव