अमू, घशाबद्दल एक अक्षर लिहिणार नाहीये

अमू,

व्हॉइस नोट पाठवणार होते, दोनदा रेकॉर्ड केली नि डिलीट केली, मध्येच रडायला येतं. म्हणून टाइप करतेय. लांबलचक होणार, लोकलमध्ये वाच, रात्री झोपताना नको. आणि आधीच सांगते, घशाबद्दल यात एक अक्षर नाहीये.

शुक्रवारी तू ऑनएअर सांगितलंस ना, आजचा शेवटचा शो, तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली, अर्धं वाक्य त्यात गेलं. मला वाटलं शेवटचं गाणं म्हणतोय. पप्पांनी रेडिओचा आवाज बारीक करून माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं. अख्ख्या मुंबईला सांगितलंस आणि आईला त्यांच्याबरोबरच कळलं. रविवारी मी जे बोलले त्यातलं निम्मं त्या रागातलं होतं, नोकरी सोडल्याचं नव्हतं. पण "दाढीत पांढरे केस आले आणि आता रॅपर होणार" हे बोलायला नको होतं. चुकलं माझं. (दाढी जरा नीट कर पण.)

तू गेल्यावर मोबाइल घेऊन बसले. तू तो अटलांटाचा लुडाक्रिस सांगत होतास ना, आधी रेडिओवर ख्रिस लोव्हा लोव्हा नावाने बोलायचा, ते खरं निघालं. पहिला अल्बम त्याने स्वतःच काढला आणि मग 2000 साली मोठ्या कंपनीने घेतला. हे 'स्वतःच काढला' तू सांगितलं नव्हतंस हां. मला तर त्याच्याही आधीचा एक सापडला, फिलाडेल्फियाचा जॉको हेंडरसन, 1950 च्या दशकात रेडिओवर यमकं जुळवत बोलायचा, आणि 1979 ला रॅपच्या रेकॉर्ड नुकत्या निघायला लागल्या तेव्हा त्यानेही आपली एक काढली. तेव्हा साठी उलटली होती त्याची. ते वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

सगळ्यात आवडलं ते न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्सचं. 11 ऑगस्ट 1973, बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिने बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, मुलींना 25 सेंट मुलांना 50, आणि गाणी लावायला भाऊ, तो तुमचा कूल हर्क. तिथून म्हणे तुमचं हिपहॉप सुरू. पतपेढीत 31 वर्षं काढल्यामुळे असेल, मला त्या पोरीचा हिशोबच जास्त भावला.

हिशोबावरून आठवलं. त्या गाण्याच्या कंपनीच्या अ‍ॅग्रीमेंटचे फोटो पाठवलेस ते तीनदा वाचले. अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नाही राजा, उचल आहे ती. तुझ्याच गाण्याच्या पैशातून वळती करून घेणार, वर व्हिडिओचा खर्चही त्यातच घातलाय. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, किती वर्षं त्यांच्याकडे ते कुठेच नाही. आणि गीतकाराची रॉयल्टी, 2012 ला कायदा बदलला तेव्हापासून ती वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीलाच देता येते, कंपनीला लिहून देता येत नाही. त्यामुळे ते सातवं कलम कशाला घातलंय ते विचार, आणि आयपीआरएसचा, म्हणजे त्या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचा, मेंबर झालायस का तेही सांग. सही करायच्या आधी माझ्याकडे ये. बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी. पण ये.

तू म्हणालास, आई, चार तासांत माझं स्वतःचं एक वाक्य बोलता येत नाही. ते मला कळतं रे. प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशाच लावायच्या, हे मला तुझ्यामुळेच कळलं. इथे आपल्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि तू तिकडे हसत हसत "ट्रॅफिक जरा स्लो आहे मंडळी" म्हणतोयस, त्या दिवशी पप्पांनी रेडिओ बंद केला होता, तुला सांगितलं नव्हतं.

पण रेडिओत माइक ओठापाशी असतो. हळू बोललं तरी चालतं. चार तास म्हटले तरी बोलणं किती, दोन गाण्यांच्या मध्ये मिनिट दीड मिनिट. आता तिथे स्टेजवर बीट छातीत धडधडतंय आणि त्याच्यावरून सोळा सोळा बार्स, म्हणजे तुमच्या रॅपच्या ओळी, एका दमात ओरडायचे, समोर लोकं किंचाळतायत. हे मी घशाबद्दल बोलत नाहीये, कामाच्या पद्धतीबद्दल बोलतेय.

बरं, घशाबद्दलच बोलतेय. डिसेंबरात डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवल्या त्या गाठी, दोन बाजूंना समोरासमोर, मोहरीच्या दाण्यांसारख्या. म्हणाले हाताला घट्टे पडतात तसे हे आवाजाचे घट्टे, घाबरू नका, पण मौन पाळा, आणि कुजबुजू पण नका, त्यानेही ताण येतो. तू पंधरा दिवस पाटीवर लिहून चहा मागत होतास. घरात दोन माणसं न बोलणारी आणि मी एकटीच बडबडत होते, शेजारच्या काकूंना वाटलं आमचं भांडण झालंय.

पप्पा कधी म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते. त्यांनाही गाताना कोणी थांबवलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला आवडायचं ते.

हल्ली सगळे म्हणतात पोवाडा म्हणजे आपला रॅप. मला नाही पटत. पोवाड्यात दुसऱ्याचा पराक्रम, तुमच्या रॅपमध्ये स्वतःचाच. आपल्या कोकणातल्या शक्ती-तुऱ्याशी, त्या दोन शाहिरांच्या सामन्याशी, मात्र जुळतं. गण झाला, गवळण झाली की खरी गंमत सवाल-जवाबात, समोरच्याला यमकात गार करायचं. संगमेश्वरला गणपतीत रात्र रात्र चालायचे सामने, पोरं एका पायात चाळ बांधून गोल फिरतायत, ढोलकी, पाऊस पत्र्यावर, माइक बंद पडलेला, आणि पप्पा त्या सगळ्याच्या वरून गातायत. तू सात वर्षांचा, माझ्या मांडीवर झोपलेला असं मी समजत होते. समोरचा शाहीर म्हणाला, तुरेवाल्याची बंद पडली गाडी. पप्पा श्वास घ्यायला थांबले, आणि तू तिथूनच ओरडलास, तूच ढकल मागनं, दाखव तुझी वाडी! अख्खा मांडव हसला. समोरच्या शाहिराने स्वतः येऊन तुला दहाची नोट दिली. ती नोट अजून देव्हाऱ्यातल्या डबीत आहे.

तर मी हे नको म्हणत नाहीये, म्हणजे रविवारी म्हटलं, पण आता म्हणत नाहीये. एमसी स्टॅन मला बिग बॉसमुळे माहीत, पुण्याचं रॅपर पोरगं, 2023 ला ट्रॉफी घेऊन गेलं, आणि ते 80 हजारांचे बूट. तू बूट नको घेऊ. तू आधी त्या आवाजाच्या थेरपीवाल्या मॅडमकडे परत जा, चार सेशन राहिलीत, पैसे भरलेत त्याचे. गरम पाण्याची बाटली बरोबर ठेव. शो झाल्यावर पार्टीत आरडाओरडा करत बोलू नको. झालं, संपलं, आता परत नाही काढणार विषय.

सात वाजता रेडिओ अजून लागतो. नवीन मुलगी आली आहे तुझ्या जागी, बरी आहे, फार हसते.

आणि एक. तू डेमो पाठवलास ना, तो मी एकदा ऐकला आणि मला निम्मे शब्द कळले नाहीत. पप्पांनी मात्र काल दुपारी मोबाइल कानाला लावून पाच-सहा वेळा ऐकला. मला वाटलं झोप लागली. नंतर बघितलं तर कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने तुझं सगळं कडवं उतरवून काढलंय, आणि मध्ये मध्ये उभ्या रेघा. मी विचारलं हे काय, तर बोटाने स्वतःच्या छातीवर दाखवलं. श्वास कुठे घ्यायचा ते. तिसऱ्या ओळीत कुठेच रेघ नाही, तिथे गोल करून ठेवलाय. "आणि" काढ म्हणतायत तिथला, मग जागा होते.

फोटो पाठवतेय. पुसट आलाय, झूम करून बघ.

आई